आधीचं बरं की आताचं

"टायर्ड," ड्रायव्हर म्हणाला आणि खाली बसला.

"टायर्ड काय?" तिनं विचारलं. खडू फळ्याला टेकलेलाच होता. "कोण टायर्ड? हे नुसतं विशेषण झालं. नाम सांगा, नाम."

ड्रायव्हर पुन्हा उठला. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, रात्रपाळीची गाडी लावून थेट सकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणारा माणूस. त्यानं आधी फळ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या बाकावरच्या नर्सकडे, मग तिच्याकडे. "तुम्ही, बाई," तो म्हणाला.

वर्ग हसला. एरवी तीही हसली असती. मोठी माणसं शिकवायची तर त्यांच्या हसण्यावरच तास पुढे न्यावा लागतो, हे तिला कळत होतं. पण तिच्या कानात तिचंच वाक्य अडकून बसलं होतं. विशेषण झालं, नाम सांगा, नाम. हेच शब्द, हाच चढलेला आवाज, शेवटच्या 'नाम'वर हाच ठोका. गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या स्पीच थेरपिस्टच्या खोलीत हे वाक्य तिच्या तोंडून असंच सुटलं होतं, आणि तिथं कुणी हसलं नव्हतं. पिवळा रंग दिलेली लहानशी खोली, मुलांच्या खेळण्यांचा एक खोका, आणि टेबलावर एका ताटलीत चमचा, किल्ली, कंगवा. थेरपिस्ट वयानं तिची मुलगी शोभली असती. नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि नामं गेली, त्याला सहा महिने होत आले होते. नामंच गेली, बाकी बरंच राहिलं. चमचा समोर धरला की तो म्हणायचा, "लांब... गार." किल्ली धरली की, "छोटी. दातेरी." छोटी म्हणायचा, छोटा नाही. म्हणजे शब्द आत कुठेतरी होता, दाराआड उभा होता आणि त्याचा पदर तेवढा बाहेर दिसत होता. तो पदर पाहून पहिले काही महिने तिला फार उमेद वाटली होती. तीस वर्षं वर्गात घालवलेल्या बाईला वाटणारच की आता दार ढकललं की झालं. त्या दिवशी थेरपिस्टनं ताटली बाजूला सारली आणि सहज, गंमत म्हणून, तिच्याकडे बोट करून विचारलं, "आणि या कोण?" तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या ओठांची थोडी हालचाल झाली. मग अगदी स्वच्छ, एकही अक्षर न चुकता, तो म्हणाला, "कोरडी."

थेरपिस्टचं पेन थांबलं. आणि पेन पुन्हा हलायच्या आत ती बोलून गेली, "हे विशेषण झालं. नाम सांगा, नाम. बा-य-को."

त्यानं तोंड मिटलं. रागानं नाही. संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करताना तो दिवा मालवायचा, एकदा आत नजर टाकायचा आणि शटर ओढायचा, तसं. तेव्हापासून घरात त्याचा शब्द नव्हता. ना 'गरम', ना 'नको'. तिनं फोन केला तेव्हा थेरपिस्ट तिला हळू आवाजात म्हणाली, "काहीही बोलू देत त्यांना. चुकीचं, अर्धंमुर्धं, कसलंही. फक्त गप्प बसू देऊ नका. जे काही परत यायचं ते याच महिन्यांत. एकदा गप्प राहायची सवय लागली ना, की मग..." तिनं ते वाक्य पूर्ण केलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अर्धवट वाक्याची दुरुस्ती करायची इच्छा तिला झाली नाही.

"बाई, पुढे?" नर्सनं विचारलं.

पुढे. तिनं फळ्यावर लिहिलं: गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं, चांगले. इंग्रजीत मात्र विशेषण बदलत नाही. पुरुष असो, बाई असो, एक असो, दहा असोत. "म्हणजे सुखी आहे की," नर्स म्हणाली, "कुणापुढे वाकायला नको." त्यावर मागून कुणीतरी तिच्या हेडनर्सबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि पुन्हा हशा झाला. मग तिनं नामाच्या आधी न येणाऱ्या विशेषणांचा गट घेतला. अस्लीप, अफ्रेड, अलोन, अलाइव्ह. यांना आधी उभं करता येत नाही. आधी माणूस सांगायचा, मग 'इज', मग हे. ॲन अलोन मॅन म्हणत नाहीत. द मॅन इज अलोन.

"आणि झोपलेला माणूस, बाई?"

"स्लीपिंग मॅन."

"आणि झोपेला आलेला?"

"तो तुम्ही," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरनं कबुली दिल्यासारखी मान डोलावली. फिटंफाट झाली. पण मनातली चीड तशीच होती, आणि ती ड्रायव्हरवर नव्हती.

शेवटची पंधरा मिनिटं तिनं विशेषणांच्या क्रमाला दिली. एका नामापुढे अनेक विशेषणं आली तर त्यांची रांग ठरलेली असते: आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग घडण, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी, नामाला अगदी चिकटून, ती वस्तू कशाची बनली आहे ते. अ ब्यूटिफुल बिग ओल्ड राउंड ब्राउन वुडन टेबल. नर्सनं विचारलं, ही रांग लावली कुणी. "कुणी नाही," ती म्हणाली, "लागली." हे उत्तर ती दर वर्षी द्यायची आणि दर वर्षी वर्गाला ते पटायचं नाही. आज ते तिलाही पुरेनासं झालं. मत सगळ्यात लांब, आणि ज्याची वस्तू बनली ते सगळ्यात जवळ. मग कोरडी हा शब्द तो या रांगेत कुठे उभा करत होता? मत म्हणून, म्हणजे काढलं तरी खालचं टेबल शाबूत राहतं असा? की लाकडासारखा, काढलाच तर टेबलच उरत नाही असा? खडूनं तिची बोटं कायम कोरडी असायची, हिवाळ्यात त्यांना चिरा पडायच्या. तो त्यावर व्हॅसलीन चोळून द्यायचा, तेही निम्मं आयुष्य. बोटं म्हणायची असतील त्याला. किंवा आवाज. किंवा त्याच्या धंद्यात रोज उच्चारला जाणारा तो शब्द, कोरडे डोळे, नुसता सवयीनं जिभेवर आला असेल. किंवा सहा महिने त्याच्यापुढे चमचे नाचवताना ती एकदाही रडली नाही, हे त्यानं पाहून ठेवलं असेल. ती विचारू शकली असती. कोरडी म्हणजे काय कोरडं, एवढं विचारायचं होतं. त्याऐवजी तिनं त्याला नापास केलं. तास संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिनं टेबलावरची सगळी विशेषणं पुसली आहेत आणि फळ्यावर फक्त टेबल राहिलंय.

घरी जाताना औषधाच्या दुकानात थांबावं लागलं. दुकानदारानं गोळ्यांची पट्टी पुढे केली. तिनं ती हात ताणून दूर धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा दूर. तारखेच्या जागी मुंग्यांची ओळ दिसत होती. "पुढच्या वर्षापर्यंत आहे, बाई, घ्या खुशाल," तो म्हणाला, आणि ती उगाचच त्याच्यावर उखडली, "मी विचारलं का?" रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायची तिनं सवय लावून घेतली होती, कारण अलीकडच्या कडेला नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती, प्राण्यांच्या कानांची, चमकीची. आज रागाच्या भरात ती अलीकडूनच चालत गेली. काचेवर आतल्या बाजूनं अजून जुनी अक्षरं खरवडल्याच्या खुणा होत्या. याच काचेच्या आत तिनं पहिल्यांदा ती डोळे तपासायची जड, गोल, लोखंडी फ्रेम नाकावर चढवली होती. सव्वीस वर्षांची होती, नुकती नोकरी लागली होती आणि शेवटच्या बाकावरून फळा पुसट दिसायला लागला होता. समोरचा माणूस फ्रेममध्ये एक काच सरकवायचा, काढायचा, दुसरी सरकवायचा आणि एकाच सुरात विचारायचा, "आधीचं बरं की आताचं?" तिसऱ्या का चौथ्या वेळी ती म्हणाली होती, "दोन्ही सारखंच. तुम्ही काच बदललीच नाही." तो उपकरणामागून डोकं काढून तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला. म्हणाला, हा त्याचा जुना खेळ होता. मधूनच तीच काच काढून पुन्हा तीच लावायची, म्हणजे समोरचा खरं बोलतो की नाही ते कळतं. आणि जवळजवळ सगळे सांगतात, आताचं बरं. म्हातारे तर हमखास. "लोक डोळे दाखवायला येत नाहीत हो, परीक्षेला बसतात. मला बरं वाटावं म्हणून आंधळे व्हायला तयार असतात." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नंतर ती त्याला चिडवायची की तुमचं सगळं व्याकरण एका तुलनेच्या प्रकरणात संपतं, बरं आणि त्याहून बरं. तो म्हणायचा, एवढं तरी लोकांनी खरं सांगितलं तर माझा धंदा दुप्पट होईल.

दार वन्संनी उघडलं. ती वर्गाला गेली की नवऱ्याची धाकटी बहीण घरी येऊन बसायची, आणि बसायची म्हणजे बोलायची. "आलात वहिनी? सकाळपासून मीच एकटी बडबडतेय. भिंतीशी बोलले असते तर तिनं निदान एखादा पोपडा तरी टाकला असता." मग आवाज खाली आणून, "काही नाही हो. मान हलवली दोनदा. दूध नको म्हणून."

तो खिडकीपाशी खुर्चीत होता. दाढी केलेली, शर्टाची बटणं वन्संनी एक घर चुकवून लावलेली. तिनं घरभर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या, ठळक अक्षरांत, खिडकी, खुर्ची, आरसा, नळ, त्यानं या आठवड्यात डाव्या हाताच्या नखानं एकेक करून सोडवल्या होत्या. फाडल्या नव्हत्या. सोडवून खिडकीच्या कठड्यावर एकावर एक रचून ठेवल्या होत्या, नीट, कडेला कड लावून. हाताला न पोचणाऱ्या दोनच उरल्या होत्या, घड्याळ आणि कपाट. तिला त्या गड्डीचा राग आला. मग गड्डीच्या नीटनेटकेपणाचा जास्त राग आला. सहा महिने ती रात्री उशाशी शब्द घेऊन झोपली होती, सकाळी उठल्यावर त्याला कोणता द्यायचा ते ठरवत. चहाचा कप पुढे करायचा आणि हातात धरूनच ठेवायचा, तो 'गरम' म्हणेपर्यंत नाही, 'चहा' म्हणेपर्यंत. आणि म्हटलं की छान, शाब्बास, अगदी बरोबर. चष्मे विकून साठीला पोचलेल्या माणसाला शाब्बास. तो चहा निवायचा, हे तिला आज आठवलं.

तिनं पिशवीतून गोळ्या काढल्या. पट्टीवरचं नाव आणि डॉक्टरांच्या कागदावरचं नाव ताडून पाहायचं होतं. पट्टी हात ताणून धरली, जवळ आणली, उजेडाकडे वळवली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. मान वर केली तर तो तिच्याकडे पाहत होता. कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं तसं. तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे; हात डोळ्यापासून किती लांब जातोय ते बघत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. काठीला रेटा देऊन तो उठला, पाय ओढत कपाटापाशी गेला आणि काठीच्या टोकानं वरच्या फळीवर ठोकलं.

"दादा, काय हवंय? पांघरूण?" वन्सं धावल्या. "थंडी वाजतेय का? वहिनी, ती बॅग काढा बरं, त्यातच शाल आहे."

तो मान हलवत होता. नाही. पुन्हा ठोकलं.

"बॅग? कुठे जायचंय का? माझ्याकडे येतोस चार दिवस?"

नाही. काठी फळीवर, एकदा, दोनदा, आणि मग रागानं तिसऱ्यांदा. त्याचा चेहरा लाल झाला होता. ओठ जुळत होते आणि सुटत होते. ती तिथेच उभी होती, हातात गोळ्यांची पट्टी, आणि तिच्या आतली शिक्षिका धावत सुटली होती: फळीवर काय काय आहे, बॅग, उशी, जुना पंखा, इस्त्री, एकेक शब्द त्याच्या तोंडात टाकून बघ, पहिलं अक्षर तरी दे. तिनं दात दातांवर दाबले.

"जड," तो म्हणाला.

वन्सं मटकन पलंगावर बसल्या. "अगं बाई, बोलला! जड काय रे? डोकं जड झालंय? वहिनी, डॉक्टरांना..."

जड काय? प्रश्न तिच्याही जिभेवर आला होता, अख्खा, ठोक्यासकट. तिनं तो गिळला. स्टूल ओढलं, चढली. बॅग काढून खाली दिली. तो नाही म्हणाला. पंखा दिला, नाही. इस्त्री उचलून त्याच्याकडे पाहिलं, ती जडच होती की, तर त्यानं डोळे असे फिरवले की वन्सं हसल्या. स्टुलावर उभं राहून तिच्या पायाला कळ लागली, धूळ नाकात गेली, आणि एका शब्दासाठी हा घरभरचा पसारा, एका शब्दासाठी, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली, कुणाला म्हणतेय ते न कळता. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी होती. दुकान रिकामं केलं त्या दिवशी तिनंच तिथं सारली होती, त्याच्या नजरेस पडू नये म्हणून. त्यानं ते पाहिलंच होतं तर. ती खाली आणताना खांदा निखळतोय की काय असं वाटलं. जड हे काही मत नव्हतं.

पेटी खिडकीपाशी टेबलावर ठेवली. तो पुन्हा खुर्चीत बसला, ती समोर स्टुलावर. त्यानं एका हातानं चादर सोडली, खटका उघडला. आतल्या मखमलीच्या खाचांत काचा उभ्या होत्या, गोल, प्रत्येकीला धरायला इवलीशी दांडी, काही काळ्या कडेच्या, काही तांबड्या कडेच्या. झाकणाच्या आत वाचायचं कार्ड, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. त्यानं फ्रेम उचलून तिच्यापुढे धरली. तिनं आपला चष्मा काढला. फ्रेम नाकावर चढवताना त्याच्या बोटाचा कानाला स्पर्श झाला. वन्सं गप्प होत्या, ही त्या दिवसातली दुसरी अशक्य गोष्ट.

त्यानं एक काच निवडायला फार वेळ घेतला. डावा हात अजून शिकाऊ होता. ती काच खाचेत बसेना, घसरली, तिच्या मांडीवर पडली. तिचा हात उचलायला निघाला होता. तिनं दोन्ही तळवे मांडीखाली घालून ठेवले. त्यानं काच शोधली, पुसली, बसवली. कार्डावरच्या ओळी हलल्या, मधल्या दोन जागेवर आल्या. तिसरी धुक्यात राहिली. ती पाहत राहिली. काच निघाली. क्षणभर नुसती भोकं. काच बसली.

"आधीचं बरं की आताचं?"

सगळं वाक्य. त्याच जुन्या सुरात, मधे न अडखळता, 'की'वर तीच किंचित घाई. वन्संच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. कार्ड तसंच दिसत होतं, मधल्या दोन ओळी आणि तिसरी धुक्यात, पण त्याचा हात केवढा दमला होता, आणि त्यानं विचारलं होतं, आणि उत्तर देणं तिच्या हातात होतं.

"आताचं," ती म्हणाली. "आताचं खूप बरं. एकदम स्वच्छ. छान जमलं तुम्हाला."

हळूच काच काढून त्यानं तिच्या डोळ्यांपुढे धरली. उजवा हात मांडीवर पडलेला, रिकामा. पेटीत सगळ्या खाचा भरलेल्या, एकच मोकळी. मग तिला कळलं. तिच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

"लबाड," तो म्हणाला.

"कोण लबाड रे दादा?" वन्सं पुढे सरसावल्या. "सांग ना, कोण..."

"थांबा, वन्सं."

ते इतकं तीव्र निघालं की तिघंही दचकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे आता कोणतीच काच उपयोगाची नव्हती. तिनं फ्रेम न काढता खालून बोट घालून ते पुसलं. तो थांबला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला त्याची सवय होती. कठड्यावरच्या पट्ट्यांची गड्डी त्याच्या कोपराच्या धक्क्यानं विस्कटली आणि दोनचार पट्ट्या जमिनीवर गेल्या, तिकडे कुणी पाहिलं नाही.

"लावा पुन्हा," ती म्हणाली.

त्यानं पेटीवरून बोट फिरवलं, काळ्या कडेच्या काचांवरून तांबड्या कडेच्यांवर, एक उचलली, ठेवली, शेजारची उचलली. ती बसवायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. कार्डावरच्या सगळ्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या.

"आता?"

"वाईट," ती म्हणाली. "फारच वाईट."

त्याची आठी गेली. मान डोलावून त्यानं ती काच काढली आणि पुढच्या काचेला हात घातला.